वळचणीची झालर

वसईचा इतिहास आपण बहुधा दगडातूनच वाचत आलो आहोत. किल्ल्याची तटबंदी, छप्पर हरवलेल्या चर्चच्या कमानी, थडग्यांवरील पोर्तुगीज अक्षरे यांकडेच अभ्यासकांची पावले वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दगड टिकतो. लाकूड टिकत नाही. त्याला वाळवी खाते, आग खाते, चार महिन्यांचा पाऊस खातो. यांतून जे वाचते ते घर पाडताना भंगारवाला घेऊन जातो. त्यामुळे ज्या लाकडावर या प्रदेशाने एके काळी वैभव उभे केले त्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले. त्या मोठ्या विषयाचा एकच लहानसा धागा आम्ही येथे हाती घेत आहोत. जुन्या कौलारू घराच्या वळचणीला लटकणारी नक्षीदार लाकडी पट्टी, दारावरच्या झरोक्यातली जाळी आणि नाताळच्या गोठ्यासाठी घरीच कापलेला प्लायवूडचा तारा, या सर्वांना जोडणारे एक साधे हत्यार आहे. ते म्हणजे बारीक पात्याची करवत. हाताने चालवायच्या करवतीला फ्रेट सॉ म्हणतात आणि पायाने किंवा विजेवर चालणाऱ्या तिच्या यांत्रिक बहिणीला स्क्रोल सॉ.

वसईला लाकडाची ओळख पोर्तुगीजांनी करून दिली असे कोणी समजू नये. गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्याच्या आधीच आगाशी हे जहाजबांधणीचे नावाजलेले ठिकाण होते. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी आगाशीवर हल्ला केला तो काही तिथल्या केळींसाठी नव्हे. पूर्वेकडच्या डोंगरांतला साग खाडीमार्गे खाली येई आणि किनाऱ्यावर त्याची गलबते होत. पुढे याच सागाच्या तुळया चर्चच्या छपरांवर चढल्या आणि याच लाकडाच्या वेद्या, व्यासपीठे व संतांच्या मूर्ती घडल्या. त्यांतल्या अनेक मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतरच्या उलथापालथीत आणि त्याहूनही अधिक पुढच्या दोनशे वर्षांच्या दुर्लक्षात नाहीशा झाल्या. अशा प्रकारचे काष्ठशिल्प डोळ्यांनी पाहायचे असेल तर गोरेगावच्या सेंट पायस महाविद्यालयाच्या आवारातील महाधर्मप्रांताच्या वारसा संग्रहालयात किंवा जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात जावे. गोव्याचे हे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली सांता मोनिकात आले.

तेथे वेदीपुढे उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ते सारे काम पटाशीचे आहे. कारागीर लाकडाच्या अंगात शिरतो, नको तेवढे कोरून काढतो आणि द्राक्षवेल, देवदूत, पिळाचे खांब यांना उठाव देतो. आपल्या वळचणीच्या झालरीचे काम निराळे. तिथे उठाव नाही, खोली नाही. सपाट फळीतून काही भाग आरपार कापून टाकायचा आणि उरलेल्या रेषेला नक्षी म्हणायचे. उजेड त्या भोकांतून येतो आणि चित्र पुरे करतो. पटाशीला वर्षानुवर्षांची तालीम लागते. करवतीला लागते ती स्थिर बोटे आणि कागदावरचा एक चांगला नमुना. हा फरक लहान वाटेल, परंतु हे काम कारागिराच्या हातातून सामान्य माणसाच्या हाती जाऊ शकले ते याच फरकामुळे.

या करवतीचा मोठा लौकिक झाला तो फ्रान्समध्ये. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा चौदाव्या लुईचा सुतार. १६७२ साली त्याला लुव्र राजवाड्यात राहण्यास जागा मिळाली. कासवाच्या पाठीचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदमच कापी. मग पितळेची वेल कासवाच्या पत्र्याच्या खोबणीत अचूक बसे आणि कासवाची वेल पितळेच्या खोबणीत. एका कापणीत दोन चित्रे तयार होत, एक दुसऱ्याच्या उलट. त्यामुळे त्याची कपाटे पुष्कळदा जोडीने बनत. आजही या करवतीला काही ठिकाणी बूलचे नाव आहे. जर्मन लोकांनी तिला दिलेले नाव आम्हांला अधिक आवडते. त्याचा अर्थ आहे ‘पानांची करवत’, कारण तिच्याने सर्वांत जास्त कापली गेली ती झाडांची पानेच. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून तो कापला, मुलांना भूगोल शिकवता यावा म्हणून. आज घरोघरी मुले जोडतात ती जिगसॉची चित्रकोडी याच बारीक करवतीची संतती आहे.

राजवाड्यातून झोपडीपर्यंत यायला या करवतीला दीडशे-दोनशे वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या लाकडाच्या गिरण्या आल्या, फळ्या पातळ, सरळ आणि स्वस्त मिळू लागल्या, आणि इंग्लंड-अमेरिकेत घरांच्या वळचणी नक्षीने भरून गेल्या. आल्प्सच्या डोंगरातल्या लाकडी घरांची नक्कल करण्याची फॅशनच निघाली. आपल्याकडे ही हवा माथेरान-पाचगणीच्या बंगल्यांतून आली आणि रेल्वेच्या फलाटांवरूनही आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरारहून मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. या कंपनीने पुढे बांद्र्याला जे स्थानक बांधले त्याच्या उतरत्या छपरांत त्या डोंगरी घरांची छाया आजही दिसते. त्याच सुमारास, १८६५ साली, बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. आपल्या विषयाशी कौलांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध थेट आहे. नळीच्या देशी कौलांची वळचण वेडीवाकडी असे. तिला पट्टी ठोकण्यात अर्थ नव्हता. मंगलोरी कौल सारख्या मापाचे, त्याची खालची कड सरळ रेषेत येते. त्या सरळ कडेखाली वाशांची उघडी टोके दिसू लागली आणि ती झाकण्यासाठी फळी आली. फळी आली तिथे तिला कातरण्याचा मोहही आला.

अशा घरांचे सर्वांत जपलेले नमुने मुंबईत आहेत. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, बांद्र्याचे रणवार या वस्त्यांतून फिरताना लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि कठड्यांची जाळी नजरेस पडते. खोताची वाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या दादोबा वामन खोतांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील जमिनी ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या. एके काळी तिथे पासष्ट घरे होती, आता त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. वसईच्या गावांत अशा वस्त्या सलग सापडत नाहीत. इथे घर वाडीत असते, भोवती केळी-नारळी, मध्ये विहीर, आणि शेजारचे घर आवाजाच्या अंतरावर. त्यामुळे नक्षीही विखुरलेली आहे. एखाद्या घराच्या पडवीवर बदामाच्या आकाराची झालर, चार घरे सोडून तिच्यात पत्त्यातल्या किलवराची तीन पाने, आणि दारावरच्या झरोक्यात मधोमध क्रूस व त्याच्या चारी बाजूंना वेटोळी. ख्रिस्ती घरावर क्रूस आणि शेजारच्या हिंदू घरावर कमळ किंवा मोर असा फरक असला, तरी झालरीची खालची कड मात्र एकच असू शकते. सुतार दोन्हीकडे एकच, त्याच्या झोळीतला पत्र्याचा फर्माही तोच!

या कामातली सुताराची अक्कल कुठे दिसते ते सांगितले पाहिजे, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. लाकडाला रेषा असते. लांब आडव्या फळीच्या खालच्या कडेला जर टोकदार दात कापले, तर त्या दातांतून रेषा आडवी जाते आणि पहिल्याच वाऱ्याला, किंवा मुलांच्या पहिल्याच चेंडूला, दात तुटून पडतो. म्हणून जाणता सुतार आडव्या फळीला गोल, बुटकी नक्षी देतो. टोके हवीच असतील तर तो लहान लहान उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठोकतो, म्हणजे रेषा वरून खाली धावते. असे टोक पावसाळ्यात दुसरे कामही करते. छपरावरून आलेले पाणी टोकाशी गोळा होते आणि थेंब होऊन भिंतीपासून दूर पडते. मात्र कुजण्याची सुरुवातही त्याच टोकापासून होते, कारण लाकूड पाणी पिते ते रेषेच्या उघड्या तोंडातून. तिथे दरवर्षी तेल किंवा रंग लावणाऱ्या घराची झालर नातवंडे पाहतात, न लावणाऱ्याची मुलेही पाहत नाहीत.

आता छंदाकडे येऊ. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील डेरहॅम या लहान गावी ‘हॉबीज’ नावाची कंपनी होती. १८९५ पासून तिने त्याच नावाचे साप्ताहिक काढले आणि अंकासोबत लाकूड कापण्याचा नमुना फुकट द्यायला सुरुवात केली. नमुना फळीवर डकवायचा, रेषेवरून कापायचे, घड्याळाची चौकट किंवा भिंतीवरचा कोनाडा तयार. अमेरिकेत रॉकफर्ड गावच्या बार्न्स बंधूंनी १८७० च्या दशकात पायांनी चालवायची करवत विकायला काढली होती. ती विकत घेणारे सगळेच सुतार नव्हते. कारकून, मास्तर, दुकानदार, शाळकरी मुलेही ती घेत. दिवसभर ज्यांच्या हातात दौत-टाक असे त्यांना संध्याकाळी हाताने काहीतरी घडवावेसे वाटे.

छंदाला आधी सुटी लागते, ही गोष्ट आपण विसरतो. मुंबईतल्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी कोणी आपणहून दिली नाही. ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, वर्षानुवर्षे अर्ज-सभा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांना रविवार त्याआधीपासून होताच. पण जो रविवार आज सर्वांचा आहे त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत. ख्रिस्ती घरांत मात्र या रविवारने एक वेगळाच पेच टाकला होता. १९१७ च्या कॅनन कायद्याचे १२४८ वे कलम रविवारी अंगमेहनतीची, म्हणजे ‘दास्याची’ कामे करण्यास मनाई करी. लिहिणे, चित्र काढणे चालत असे. नांगर धरणे चालत नसे. मग करवतीने देवदूत कापणे हे कोणत्या खात्यात घालायचे? पोटासाठी कापणारा सुतार दोषी आणि हौसेखातर कापणारा कारकून निर्दोष, असा न्याय आम्हांला कधीच पटला नसता. १९८३ च्या संहितेच्या १२४७ व्या कलमाने हा गुंता सोडवला. उपासनेच्या, प्रभुदिनाच्या आनंदाच्या आणि मनाच्या व शरीराच्या विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळावीत, एवढेच ते सांगते. लाकूड कापण्याने ज्याचे मन विसावते त्याला आता कुणाची भीती नाही.

वसईत या छंदाची पाळेमुळे कोठे सापडतात? ती सापडतात रेल्वेच्या पासात. विरारची गाडी सुरू झाली आणि पिढी दर पिढी आपली मुले शेतीवाडीतून, बागायतीतून मुंबईच्या कचेऱ्यांत गेली. शिक्षण मिळाले, स्थैर्य मिळाले, आणि सोबत हाताच्या कामाविषयीचा एक सूक्ष्म तिटकाराही आला. ‘नीट शिकला नाहीस तर सुतारकाम करशील’ हे वाक्य ज्या घरांत उच्चारले गेले त्याच घरांत संत योसेफाची तसबीर होती. बाराव्या पायस पोपमहोदयांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरवला, त्यानेही या मनोवृत्तीत फारसा फरक पडला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली, पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळांत कार्यानुभवाचा आग्रह धरला. त्या तासाला फ्रेट सॉ हाती आलेली मुले त्या काळच्या शाळांतून निघाली. पुष्कळांसाठी तो तास म्हणजे गुणपत्रिकेतली एक श्रेणी होती. थोड्यांच्या मात्र हातात ती करवत राहिली.

त्यांच्यासाठी लाकूडही बदलले होते. सागाची पातळ फळी महाग आणि चिरटणारी. पहिल्या महायुद्धाच्या काळात आसामात चहाच्या खोक्यांसाठी प्लायवूड बनू लागले आणि कालांतराने ते गावोगावच्या दुकानांत आले. प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून त्यात वर सांगितलेली रेषेची भीती उरत नाही. कोणत्याही दिशेला टोक काढा, ते टिकते. छंदिष्टासाठी हा मोठाच आधार. पण पावसात तेच प्लायवूड सुटते, म्हणून ते घरात शोभते, वळचणीला नाही.

काम किती साधे आहे ते नवख्या वाचकांसाठी सांगतो. टेबलाच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असलेली एक फळी शिकंज्याने आवळायची. पाते सुमारे पाच इंच लांब, दोऱ्याहून थोडे जाड. ते चौकटीत ताणून बसवायचे, दात मुठीकडे वळलेले, म्हणजे करवत खाली ओढताना कापते. नक्षीच्या आतला भाग काढायचा तर आधी सामत्याने भोक पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून भोकातून ओवायचे आणि पुन्हा ताणायचे. जितकी भोके तितकी वेळ हे करणे आले, आणि क्रूसाभोवतीच्या एका साध्या जाळीतही तीसेक भोके निघतात. वळणावर करवत फिरवायची नसते, लाकूड फिरवायचे असते. घाई केली की पाते तुटते. पाती डझनाने विकतात ती उगाच नाही.

यंत्राने ही तसदी कमी केली. जर्मनीच्या हेग्नर कंपनीने १९७० च्या दशकात दोन समांतर भुजांची विजेची स्क्रोल सॉ लोकप्रिय केली, तेव्हापासून पाते सरळ वर-खाली चालते आणि तुटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. आज तर संगणकावर चित्र काढून लेझरच्या किरणाने जाळी कापून मिळते, कडा जळून काळपट झालेल्या असतात एवढेच. नाताळच्या बाजारात असे तारे आणि गव्हाण्या ढिगांनी येतात. ते वाईट असतात असे आम्ही म्हणणार नाही. फक्त सगळे एकसारखे असतात, आणि त्यांतल्या एकातही आपल्या गावच्या वळचणीची नक्षी नसते.

खरी हानी इथेच होते आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वसई-विरारची घरे ज्या वेगाने पडली तो वेग सर्वांनी पाहिला आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी आंदोलन उभारले, तेव्हा चर्चा झाली ती पाण्याची, जमिनीची, झाडांची. तीच व्हायला हवी होती. घराच्या लाकडाकडे लक्ष द्यायला कोणाला उसंत नव्हती. आज बंगला पाडायचा ठरला की तुळया आणि दारे-खिडक्या जुन्या लाकडाचे व्यापारी मापून घेतात. झालर मात्र त्यांच्या मापात बसत नाही. ती पातळ, रंगाचे दहा थर बसलेली, टोके कुजलेली. ती चुलीत जाते. ज्या सुताराच्या फर्म्यावरून ती कापली होती त्याचा फर्मा त्याच्यासोबत गेलेला असतो, आणि त्याने कधी कागदावर काही लिहून ठेवलेले नसते.

छंदिष्टाचा उपयोग येथे आहे असे आम्हांला वाटते. काही जाणकारांना हे रुचत नाही. त्यांच्या मते हौशी माणसाने प्लायवूडवर केलेली नक्कल म्हणजे खेळणे, तिने वारसा जपला जात नाही. नक्कल ही मूळ वस्तू नव्हे हे खरेच. पण सुतारांचा फर्मा तरी काय होता? आधीच्या घरावरून घेतलेली नक्कलच. नक्षी आजवर जगली ती अशीच, एका घरावरून दुसऱ्यावर. फरक इतकाच की सुतार ती आठवणीत व पत्र्यात ठेवी, आणि छंदिष्टाला ती कागदावरच लागते. त्याच्या कामाची सुरुवातच नमुन्याच्या कागदाने होते. ज्या माणसाला नव्या नमुन्याची सतत भूक आहे तोच पडणाऱ्या घरासमोर थांबून झालरीचा नमुना उतरवून घेईल. दुसऱ्या कोणाला त्याची गरज नाही.

तो कसा उतरवावा, हेही सांगून ठेवतो. झालर खाली काढली असेल तर उत्तम, नसेल तर शिडी लावावी व खाली एकाने ती धरावी. जुन्या रंगाचे थर खरवडू नयेत. त्यांत शिसे असण्याचा संभव असतो. पातळ कागद पट्टीवर ताणून धरावा आणि मऊ पेन्सिलीची बाजू किंवा मेणाचा खडू त्यावरून हलकेच घासावा, कापलेल्या कडा आपोआप काळ्या उमटतात. नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचा एक तुकडा पुरे, मात्र कोपऱ्याचा तुकडा वेगळा घ्यावा, कारण कोपऱ्यावर सुतार नेहमी काहीतरी निराळे करतो. मग त्याच कागदावर गावाचे व पाखाडीचे नाव, पट्टी घराच्या कोणत्या बाजूची, लाकूड कोणते वाटते, जाडी किती, रेषा आडवी की उभी, आणि तारीख एवढे लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना सुताराचे नाव आठवत असेल तर तेही.